इंग्रजी शब्दांचे उच्चार आणि आमची लाज

आमच्या एका व्यापारी स्नेह्यांचा मुलगा दुकानाच्या कर्जासाठीं मध्यंतरीं एका बँकेंत गेला होता. हिशेब चोख, जामीन भक्कम, कागद सगळे जागच्या जागीं. परंतु बोलतां बोलतां ‘डेट’ म्हणजे कर्ज या शब्दाचा उच्चार त्याच्या तोंडून ‘डेब्ट’ असा झाला, आणि पावतीला ‘रिसीट’ म्हणावयाचें तें तो ‘रिसीप्ट’ म्हणून गेला. टेबलापलीकडील दोघे गृहस्थ एकमेकांकडे पाहून हंसले. कर्ज मंजूर झालें. पण मुलगा घरीं आला तो खालीं मान घालून, आणि तेव्हांपासून असल्या कामास जाण्याचें तो टाळूं लागला आहे. त्याच्या वडिलांनीं ही हकीकत सांगितली तेव्हां आमच्या मनांत असा प्रश्न आला कीं, या प्रसंगीं खरें अज्ञान कोणाचें? मुलाचें, कीं हंसणारांचें? याचा निवाडा करण्यासाठीं त्या दोन शब्दांचीच कुळकथा पाहूं.

‘डेट’ हा शब्द मूळचा इंग्रजांच्या घरचा नव्हे. तो फ्रेंच भाषेंतून त्यांच्याकडे आला, आणि आला तेव्हां त्यांत ‘बी’ हें अक्षर नव्हतेंच. जसा उच्चार, तसेंच लेखन होतें. पुढें लॅटिन विद्येचा अभिमान वाढला. त्या भाषेंत या शब्दाचें मूळ ‘डेबिटम्’ असें आहे. तेव्हां व्युत्पत्तीची खूण म्हणून पंडितांनीं त्यांत एक ‘बी’ आणून बसविला. आमच्या व्यापाऱ्यांच्या खातेवहींतील ‘डेबिट’ हा शब्द त्याच मुळाचा; तेथें ‘बी’ बोलतो, येथें तो मुका राहतो. फ्रेंचांनींही कांहीं काळ हें अक्षर लिहिलें, पण पुढें काढून टाकलें; इंग्रजांनीं मात्र तें जपून ठेविलें. ‘रिसीट’ची गोष्टही अशीच. त्यांतला ‘पी’ लॅटिन मुळाच्या आठवणीसाठीं मागाहून घातलेला आहे. त्याच घराण्यांतील ‘डिसीट’, म्हणजे फसवणूक, या शब्दांत मात्र आज ‘पी’ नाहीं. पावतीला एक नियम आणि फसवणुकीला दुसरा, अशी ही व्यवस्था!

बेट या अर्थाच्या ‘आयलंड’ शब्दांतील ‘एस्’ तर याहून नवलाचा. हा शब्द जुन्या इंग्रजीचा अस्सल; लॅटिनशीं त्याचें कांहींएक नातें नाहीं. परंतु त्याच अर्थाचा ‘आइल’ हा लॅटिन कुळांतला दुसरा शब्द शेजारीं होता, त्याचा हा भाऊच असावा अशा समजुतीनें त्याला हें अक्षर चिकटलें. चूक केली शिकलेल्यांनीं, आणि शतकानुशतकें छड्या मात्र खाल्ल्या शाळकरी पोरांनीं.

याहून गमतीची गोष्ट पुढेंच आहे. शेक्सपिअरचें ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ हें नाटक १५९८ सालीं छापून निघालें. त्यांत होलोफर्नीस नांवाचा एक पंतोजी आहे. लोक या शब्दांतला ‘बी’ उच्चारीत नाहींत म्हणून तो संतापतो, आणि नाटककार त्याच्या पढीक घमेंडीची थट्टा करितो. म्हणजे जो उच्चार केल्याबद्दल आमच्या स्नेह्यांच्या मुलास लोक हंसले, तोच शुद्ध होय असा आग्रह धरणारा पंतोजी इंग्रजी रंगभूमीवर चारशें वर्षांपूर्वींच येऊन गेला आहे! काल ज्याचा आग्रह, आज त्याचाच उपहास. अशा ठिकाणीं उच्चारावरून माणसाच्या बुद्धीचें माप काढणें कितपत शहाणपणाचें, हें वाचकांनींच ठरवावें.

सर्वच मुकीं अक्षरें अशीं उपरीं नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे. ‘नाइट’ म्हणजे शिलेदार, या शब्दाच्या आरंभींचा ‘के’ आणि मधील ‘जी-एच्’ हीं अक्षरें एके काळीं खरोखरच उच्चारलीं जात. विल्यम कॅक्स्टन यानें १४७६ सालीं वेस्टमिन्स्टर येथें छापखाना घातला, आणि छापण्याबरोबर शब्दांचीं रूपें हळूहळू कायम होत गेलीं. पण त्याच काळांत इंग्रजांच्या बोलण्यांतील दीर्घ स्वर बदलत होते. लेखन जागच्या जागीं थांबलें, उच्चार पुढें गेला, आणि आजचा इंग्रजी शब्द पुष्कळदां आजोबांचा अंगरखा घालून वावरतो. आमच्या घरींही हा दोष मुळींच नाहीं असें नव्हे. ‘चार’ आणि ‘चारा’ या शब्दांतील ‘च’ आम्ही एकाच अक्षरानें लिहितों, परंतु बोलतांना तो निराळा होतो. परक्या माणसास हें पुस्तकांतून कसें कळावें?

खुद्द इंग्रजी बोलणारांनाही ही अडचण जाणवलेली आहे. नोहा वेब्स्टर यानें आपल्या १८२८ सालच्या कोशांत कित्येक शब्दांचीं रूपें सुटसुटीत केलीं, आणि त्यांपैकीं पुष्कळ अमेरिकेंत रूढ झालीं. १९०६ सालीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं तीनशें शब्दांचें सुधारलेलें लेखन सरकारी छापखान्यांत चालू करण्याचा हुकूम काढला. पण तेथील लोकप्रतिनिधींच्या विरोधामुळें त्यांना माघार घ्यावी लागली. मालकालाच जें घर गैरसोयीचें वाटतें, तेथें पाहुणा उंबऱ्यास अडखळला तर त्याला हंसण्यासारखें काय आहे?

आतां दुसरी बाजू पाहूं. इंग्रजांनीं इतरांचे शब्द घेतले तेव्हां त्यांनीं काय केलें? मराठींतील ‘मुंगूस’ त्यांनीं उचललें, त्याचें ‘मंगूस’ केलें, आणि लेखन असें केलें कीं त्याच्या शेपटीस ‘गूस’ हा हंसाच्या जातीचा पक्षी चिकटून बसला. मुंबईच्या डोंगरीवरून नांव पडलेल्या जाड्याभरड्या कापडाची त्यांनीं ‘डंगरी’ केली. आमचे व्यापारी रोज ज्यावर सही करितात त्या ‘चेक’चें मूळ तर फारशी ‘शाह’ शब्दांत आहे. बुद्धिबळांतील राजाचें हें नांव अरबी, लॅटिन आणि फ्रेंच असा प्रवास करीत इंग्लंडांत पोंचलें. राजाला अडविणें, मग आळा घालणें, मग पडताळून पाहणें असे त्याचे अर्थ वाढत गेले, आणि शेवटीं पैशाच्या कागदास तें नांव मिळालें. आम्ही पटावर ज्याला ‘शह’ म्हणतों तो आणि खिशांतला ‘चेक’ हे एकाच पूर्वजाचे वंशज होत. या प्रवासांत उच्चार ठिकठिकाणीं मोडला, वांकला. पण तेवढ्यासाठीं कोणी मान खालीं घातल्याचें ऐकिवांत नाहीं.

इंग्रजी नीट शिकूं नये, वाटेल तसें बोलावें, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. व्यवहाराची भाषा शिकावयाची तर ती काळजीपूर्वकच शिकली पाहिजे, आणि रूढ उच्चार माहीत असणें हिताचेंच आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, चुकलेला उच्चार हा सुधारण्याचा विषय आहे, लाजेचा नव्हे. शिक्षकांनीं शब्द पाठ करून घेतांना त्याची जन्मकथा दोन वाक्यांत सांगावी. ज्या मुलास ‘बी’ कोठून आला हें कळलें, तो तें अक्षर लिहावयास विसरणार नाहीं आणि बोलावयासही जाणार नाहीं. आणि जे खुर्चीवर बसतात त्यांनीं समोरच्या माणसाचे हिशेब पाहावेत, ओंठ पाहूं नयेत. पूर्वीं सोंवळ्या-ओंवळ्यावरून माणसास दाराबाहेर उभें करीत. आतां उच्चारावरून करूं लागलों, तर आम्हीं सुधारणा केली असें म्हणण्यांत अर्थ काय?

आमच्या स्नेह्यांच्या मुलास आमचा निरोप आहे. त्यानें पुन्हां त्याच कचेरींत ताठ मानेनें जावें, या खेपेस ‘डेट’ असेंच म्हणावें. आणि त्या गृहस्थांस वेळ असेल तर त्यांतील ‘बी’ कोणी, कशासाठीं घातला, हेंही त्यांना विचारावें.