चिमट्यात उमलणारी फुलं

तलम रेशमाचा छोटा चौकोन चिमट्याने दुमडायचा, पुन्हा दुमडायचा आणि भाताच्या खळीवर टेकवून ठेवायचा. जपानी 'त्सुमामी झाइकु'ची पाकळी अशी घडते. एका घडीतून गोलसर पाकळी निघते, दुसरीतून टोकदार. टाका कुठेच नाही!

एदो काळात बहरलेल्या या कलेचं वैभव पाहावं ते क्योतोत. तिथल्या माइको, म्हणजे शिकाऊ गेइशा, महिन्यागणिक केसांतली फुलं बदलतात: एप्रिलमध्ये साकुरा, मेमध्ये विस्टेरियाचे लोंबते घोस, नोव्हेंबरात मेपलची पानं. डिसेंबरचा थाट सर्वांत लोभस. त्या महिन्याच्या कानझाशीवर, म्हणजे केसांतल्या या दागिन्यावर, चिमुकले कोरे नामफलक असतात आणि त्यांवर काबुकी नटांच्या सह्या घेतल्या जातात.

शिचि-गो-सान सणाला छोट्या मुलीही ही फुलं माळतात. घरी करायची तर सुती कापड आणि डिंकही चालतो. चौकोन मात्र काटेकोर कापलेला हवा.