घरातली ऊब – लेखांक ७ : काचेच्या खोलीची रात्र

घराच्या दक्षिण अंगाला काचेची खोली जोडून हिवाळ्यातले ऊन आत घेण्याची पद्धत लडाखमध्ये आता चांगलीच रुजली आहे. लेहच्या परिसरात या खोलीला ‘शेलखांग’ म्हणतात. भर जानेवारीतही दुपारी तिथे अंगावरचा स्वेटर उतरवावा लागतो. पण ऊन कलल्यावर दोन-तीन तासांतच ती घरातली सर्वांत गार जागा होऊन बसते. काचेच्या खोलीत ऊब आणणे फारसे अवघड नाही. खरी कसोटी आहे ती रात्र काढण्याची.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, ३४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. वर्षभरात तिथे जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे आकाश बहुधा निरभ्र असते आणि विरळ हवेतून येणारे ऊन प्रखर लागते. डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य माध्यान्हीलाही क्षितिजापासून ३२-३३ अंशांपलीकडे चढत नाही. त्याचे तिरपे किरण दक्षिणेकडच्या उभ्या काचेतून थेट आत, पार मागच्या भिंतीपर्यंत पोहोचतात. जूनमध्ये तोच सूर्य ७९ अंशांवर असतो आणि छताची थोडी पागोळी पुढे काढली, तरी काचेवर सावली पडते. म्हणून काच उभी आणि दक्षिणेलाच हवी. छतही काचेचे करण्याची हौस महागात पडते. उन्हाळ्यात अशी खोली भाजून निघते आणि हिवाळ्यातल्या रात्री मोकळ्या आकाशाकडे तोंड असलेली ती काच उष्णता झपाट्याने गमावते. छत पक्के असावे आणि त्यात लाकडाचा भुसा किंवा गवताचा जाड थर भरलेला असावा.

काच सूर्यप्रकाशाला वाट देते, पण तापलेल्या जमिनीतून आणि भिंतींतून निघणारे अवरक्त किरण अडवते. कोंडलेली हवाही तापते. मात्र ही काच स्वतः उष्णतेची फार वाईट राखणदार आहे. हिशेब करून पाहावा. एकेरी काचेच्या एका चौरस मीटरमधून, आतबाहेरच्या तापमानातल्या दर अंशाच्या फरकामागे सुमारे ५.७ वॉट उष्णता निसटते. दहा चौरस मीटर काच असेल, आत ५ अंश आणि बाहेर उणे १५ असेल, तर हा ऱ्हास ११४० वॉटच्या घरात जातो. डिसेंबरातली रात्र चौदा तासांची धरली तर तो १६ युनिट विजेइतका भरतो. दुहेरी काच बसवली की हाच आकडा निम्म्यावर, सुमारे ८ युनिटांवर येतो.

ही तूट दिवसा साठवलेल्या उष्णतेतून भरून काढायची असते. खोलीतली हवा कितीही तापली तरी तिच्यात साठा नगण्य असतो. साठवतात ती जड द्रव्ये. दगड, काँक्रीट, मातीच्या विटा कामाला येतात, पण आकारमानाच्या तुलनेत पाण्याइतके दुसरे काहीच साठवत नाही. काळा रंग दिलेले २०० लिटरचे पाण्याचे पिंप दिवसभरात २५ अंशांपर्यंत तापले आणि पहाटेपर्यंत ५ अंशांवर आले, तर ते साडेचार युनिटांहून थोडी जास्त उष्णता परत देते. म्हणजे दुहेरी काच असेल तर अशी दोन पिंपे रात्रीच्या त्या ऱ्हासाला पुरी पडतात. एकेरी काचेला मात्र चार लागतात. पिंपांवर थेट ऊन पडायला हवे आणि पाणी गोठून फुगले तर जागा असावी म्हणून ती काठोकाठ भरू नयेत. जमिनीवर मात्र गालिचा अंथरला की फरशीचा साठा वाया जातो. बसण्यापुरता तुकडा अंथरावा आणि उन्हाच्या पट्ट्यात फरशी उघडी ठेवावी.

पडद्याकडे बहुतेक घरांत दुर्लक्ष होते, आणि स्वस्तातला सर्वांत मोठा फायदा तिथेच आहे. पातळ पडद्याने काही साधत नाही. रजईसारखा भरलेला पडदा हवा. तो वर छताला किंवा लाकडी पेटीला भिडलेला, खाली जमिनीला टेकलेला आणि दोन्ही कडांना भिंतीशी चिकटलेला असावा. वर फट राहिली तर खोलीतली गरम हवा काच आणि पडदा यांच्यामध्ये शिरते, काचेला लागून गार होते आणि खालून पुन्हा खोलीत वाहते. रात्रभर हे चक्र चालू राहते. पडदा ओढायची वेळ झोपण्याची नव्हे, काचेवरून ऊन हटते तीच. चौकटीही पाहाव्यात. लेहमधल्या नव्या बांधकामांत ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या दिसतात. ॲल्युमिनियम लाकडाच्या हजारपटीहून अधिक उष्णतावाहक आहे आणि सरकत्या तावदानांच्या फटी कधी पूर्ण मिटत नाहीत. लाकडी चौकट आणि फटींना रबराची पट्टी हे जुनेच उत्तर इथे उजवे ठरते.

घर आणि काचेची खोली यांमधल्या भिंतीला घराची बाहेरची भिंत समजावे. तिच्यातले दार किंवा वरखालचे झरोके खोली घरापेक्षा गरम झाल्यावर, सकाळी दहा-अकराच्या सुमारास उघडावेत आणि दुपारी तीन-चारच्या दरम्यान घट्ट लावावेत. हीच भिंत ३०-४० सेंटिमीटर जाड आणि गडद रंगाची असेल, तर दिवसाची ऊब तिच्यातून झिरपत आठ-दहा तासांनी आतल्या निजायच्या खोलीत पोहोचते. अमेरिकेतल्या एडवर्ड मोर्स यांनी १८८१मध्ये अशा रचनेचे पेटंट घेतले होते. फ्रान्समध्ये फेलिक्स त्रोम्ब यांनी १९६७मध्ये ओदेयो येथे ती घरात वापरून दाखवली आणि ती त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. लेहजवळच्या फे गावातला ‘सेकमॉल’ या संस्थेचा परिसर सौर ऊब आणि मातीच्या भिंती यांच्या बळावर हिवाळा काढतो. तिथे दक्षिणेला हिवाळ्यापुरता पारदर्शक प्लॅस्टिकचा हरितगृहासारखा भाग जोडतात आणि उन्हाळ्यात तो काढून ठेवतात.

हाच नमुना सगळीकडे चालत नाही. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या घरांनाही पुष्कळदा काचेची खोली जोडलेली असते. लंडन ५१ अंशांवर आहे. डिसेंबरात तिथला सूर्य माध्यान्हीलाही १५ अंशांच्या आसपास राहतो आणि ढगांमुळे तोही अनेक दिवस दिसत नाही. तिथे पाण्याच्या पिंपांचा उपयोग थोडा. चांगली दुहेरी काच, उष्णतारोधक छत आणि मधले भक्कम बंद दार यांवरच खर्च करावा. त्या खोलीत दिवसरात्र हीटर चालवणे म्हणजे बाहेरचे अंगण तापवणे होय.

खोली घट्ट बंद केली की दमटपणा साचतो. ओले कपडे आणि कुंड्या यांची वाफ रात्री गार काचेवर पाणी होऊन उतरते, थंडी कडाक्याची असेल तर तिथेच गोठते आणि लाकूड कुजते. दुपारी, खोली सर्वांत गरम असताना, दहा-पंधरा मिनिटे वरची झडप उघडली तर ओलसर हवा निघून जाते आणि फरशी व पिंपांतला साठा जवळजवळ शाबूत राहतो. बुखारी, सिगडी किंवा धुराडे नसलेला गॅसचा हीटर मात्र अशा बंद खोलीत रात्रभर कधीही पेटता ठेवू नये. कोळसा आणि लाकूड अपुरे जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही.