मागच्या कोठडीतील चोर

जळगाव जामोदच्या पेढ्यांवर दिवाळीला वहीपूजन आजही होते. रोजमेळ आणि खतावणी मात्र केव्हाच संगणकात गेली. जीएसटीचे विवरणपत्र, शेतकऱ्यांचे हिशेब, आरटीजीएस, सारे एकाच यंत्रावर. पुष्कळदा त्याच यंत्रावर संध्याकाळी मुले खेळ खेळतात आणि त्यासाठी त्यात ग्राफिक्स कार्डही बसविलेले असते. संशय घ्यावा असा हा भाग कोणाला वाटत नाही.

पडद्यावर चित्र उमटविणारा हा स्वतंत्र प्रोसेसर. त्याची मेमरीही बहुधा स्वतंत्र. अँटीव्हायरसची नजर मुख्यतः मुख्य प्रोसेसर आणि मुख्य मेमरीवर असते. तपासनिसाने तिजोरी मोजावी, खाती पडताळावीत आणि मागची कोठडी न उघडताच शेरा लिहावा, तसा हा प्रकार. २०१३ मध्ये ग्रीस व अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की, ग्राफिक्स प्रोसेसरवर चालणारा प्रोग्रॅम कीबोर्डवर टाइप होणारी अक्षरे थेट टिपू शकतो. पासवर्डही त्यात आलाच. २०१५ मध्ये ‘जेलीफिश’ नावाचा असाच नमुना प्रसिद्ध झाला.

हे सारे प्रयोगशाळेतले, असे म्हणण्याची सोय आता उरली नाही. मार्च २०२५ मध्ये झेडस्केलर या सुरक्षा कंपनीने ‘कॉफीलोडर’ची माहिती दिली. आसूस कंपनीच्या ‘आर्मरी क्रेट’ या उपयुक्त प्रोग्रॅमचे सोंग घेऊन तो शिरतो आणि आपल्या गुप्त संकेताची उकल ग्राफिक्स प्रोसेसरवर करतो. संशयित फायली ज्या आभासी संगणकांवर तपासल्या जातात, त्यांत बहुधा असे कार्ड नसते. म्हणून तेथे त्याचे खरे रूप उघडे पडत नाही. आत स्थिरावल्यावर तो माहिती चोरणारे इतर प्रोग्रॅम उतरवून घेतो.

तपासणीच्या वाटेलाच बगल देण्याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी हल्ला झाला. तेथील पद्धत वेगळी होती: एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणारा बनावट स्विच उभा केला गेला आणि मागण्या बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोहोचल्याच नाहीत. अठ्ठावीस देशांतून पैसे काढले गेले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ११ तारीख दुसऱ्या शनिवारची होती, हा योगायोग मानणे कठीण. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरविले.

एवढ्या मोठ्या बँकेची ही गत, तर पेढीने काय करावे? बँकेचे व्यवहार आणि खेळ यांची यंत्रे वेगळी ठेवावीत. फुकटची ‘क्रॅक’ केलेली सॉफ्टवेअर घेऊ नयेत. त्यात वाचलेले चार हजार फार महाग पडतात. प्रोग्रॅम मूळ कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. हिशेबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवावी. मोठ्या रकमेला एकाने नोंद आणि दुसऱ्याने मंजुरी, ही बँकांची जुनी रीत भावाभावांच्या पेढीतही चालते. त्यात अविश्वास मानू नये. खात्यातील शिल्लक रोज, सुट्टीच्या दिवशीही, रोजमेळाशी ताडावी. फरक आढळताच बँकेला कळवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधीचे तासच ती रोखण्याचे असतात.