विषाणूची नोंद होते. आपल्या वस्तीची होते का?

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या तोंडावर, १ ते ७ मार्च २०२१ या काळात हिंगोली जिल्ह्यात संचारबंदी होती. शेजारच्या विदर्भात अमरावती, अकोला, यवतमाळकडे फेब्रुवारीपासूनच रुग्णांचे आकडे चढत होते. ते एकाएकी का चढत आहेत, हे मात्र सामान्य माणसाला कोणी सांगत नव्हते. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की, महाराष्ट्रातील नमुन्यांत दोन महत्त्वाचे बदल एकत्र असलेला विषाणू सापडला आहे. त्याच कुळातल्या एका प्रकाराला पुढे ‘डेल्टा’ हे नाव मिळाले. हातावर पोट असणाऱ्यांची मजुरी आधी बुडाली, कारण नंतर कळले.

हा उशीर कुठे होतो आणि तो कमी करण्यासाठी आपल्या जिल्ह्यात काय असायला हवे, हे आंबेडकरी चळवळीतल्या तरुणांनी समजून घ्यायला हवे. साथ आली की सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त कोण भरडले जाते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

जनुकीय पाळत म्हणजे काय?

प्रत्येक विषाणू किंवा जिवाणू स्वतःच्या नकला काढत वाढतो. नक्कल करताना अधूनमधून एखादे अक्षर चुकते. पाली ग्रंथांच्या हस्तलिखितांचे असेच होते. सिंहली, ब्रह्मी, थाई प्रतींमध्ये बारीक पाठभेद सापडतात. विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी धर्मानंद कोसंबींनी वेगवेगळ्या प्रती ताडून पाहिल्या, त्या याच कारणाने. कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरवली, हे त्या भेदांवरून ओळखता येते.

जनुकीय क्रमनिर्धारणात हेच काम यंत्र करते. कोरोना विषाणूची संहिता सुमारे ३० हजार अक्षरांची आहे, तर क्षयरोगाच्या जिवाणूची सुमारे ४४ लाख अक्षरांची. ती वाचली की रोग कोठून आला, दोन रुग्णांना झालेला संसर्ग एकाच साखळीतला आहे का, कोणते औषध त्यावर चालणार नाही, याचा अंदाज बांधता येतो. आरटी-पीसीआर चाचणी ‘कोरोना आहे की नाही’ एवढेच सांगते. ‘कोणता कोरोना’ हे कळायला संहिता वाचावी लागते.

भारतात यासाठी डिसेंबर २०२० मध्ये ‘इन्साकॉग’ हे प्रयोगशाळांचे जाळे उभे राहिले. सुरुवातीच्या दहा प्रयोगशाळांपैकी दोन पुण्यात होत्या: राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. पुढे हे जाळे वाढले. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयातही अशी प्रयोगशाळा सुरू झाली. मराठवाड्यातल्या छोट्या जिल्ह्याचा नमुना मात्र दूरचा प्रवास करूनच तिथे पोहोचतो.

तयारी यंत्रापासून सुरू होत नाही

प्रत्येक जिल्ह्यात महागडे यंत्र बसवा, अशी मागणी करणे सोपे आहे. पण यंत्र ही साखळीतली एक कडी आहे. पहिली कडी म्हणजे गावात ताप, जुलाब किंवा खोकल्याचे रुग्ण वाढल्याचे कोणाच्या तरी लक्षात येणे. ते काम आशाताई आणि आरोग्य उपकेंद्राचे. दुसरी, योग्य नमुना वेळेत घेणे. तिसरी, तो थंड ठेवणे, कारण कोरोनासारख्या विषाणूचा आरएनए उन्हात आणि उशिराने तुटतो. चौथी, प्राथमिक निदान. नमुन्यात विषाणूचे प्रमाण पुरेसे असेल तरच संहिता नीट वाचता येते, म्हणून आजाराच्या पहिल्या दिवसांतला नमुना मोलाचा असतो. पाचवी, प्रवास. सहावी, यंत्र आणि त्याची माहिती वाचू शकणारा माणूस. सातवी आणि सर्वांत दुर्लक्षित कडी म्हणजे मिळालेले उत्तर जिल्ह्याकडे परत येणे.

यातली सहावी कडी पुण्या-मुंबईत असली तरी चालेल. बाकीच्या कड्या हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथमध्येच घट्ट असाव्या लागतात. २०२० च्या सुरुवातीच्या महिन्यांत इथल्या रुग्णांचे साधे स्वॅबही औरंगाबाद, नांदेडला जात होते. सेनगावच्या गावातून निघालेला नमुना वाटेत तापला, तर पुण्यातले सर्वांत उत्तम यंत्रही काही सांगू शकत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. एनआयव्ही त्याच शहरात होती. काही रुग्णांच्या शौच नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि पाण्याच्या तपासणीवर भर दिला गेला. असेच रुग्ण कळमनुरीच्या एखाद्या वस्तीत निघाले असते, तर निदानाला किती दिवस लागले असते?

आज जिल्ह्यात काय आहे?

चित्र अगदीच निराशाजनक नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियानात प्रत्येक जिल्ह्यासाठी एकात्मिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेची तरतूद आहे. वेगवेगळ्या कार्यक्रमांत विखुरलेल्या चाचण्या एका छताखाली याव्यात, हा तिचा हेतू. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात हिंगोली आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आला. तो विभाग मनुष्यबळासह उभा राहिला, तर जिल्ह्याच्या पाळतीचा तोच कणा ठरू शकतो.

क्षयरोगात याची गरज आजच आहे. सीबीनॅट आणि ट्रूनॅट या चाचण्या रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जिवाणू दाद देतो की नाही, हे काही तासांत सांगतात. इतर औषधांचे पूर्ण चित्र संहिता वाचून मिळू शकते. आपल्या जिल्ह्यातली कुटुंबे ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जातात. खोकला एका जिल्ह्यात सुरू होतो, उपचार दुसऱ्या जिल्ह्यात आणि अर्धवट सुटतो तिसऱ्याच ठिकाणी. अशा रुग्णाचा नमुना पाळतीत आलाच नाही, तर औषधाला न जुमानणारा क्षय शांतपणे पसरत राहतो.

नकाशावर कोण दिसते?

ज्यांची चाचणी होते, त्यांचाच विषाणू नोंदवला जातो. खासगी दवाखान्यात पैसे भरणारा रुग्ण नोंदीत येतो. वस्तीतला मजूर मेडिकलमधून गोळी घेऊन कामावर जातो. मग अहवालात आपली वस्ती निरोगी दिसते. ‘रुग्ण आढळला नाही’ आणि ‘रुग्ण शोधलाच नाही’ यांत फार मोठे अंतर आहे.

दुसरा धोका बदनामीचा. विषाणूच्या प्रकारांना गावा-देशाची नावे चिकटू लागली, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२१ मध्ये ग्रीक अक्षरे वापरायला सुरुवात केली. संसर्गाची साखळी एखाद्या वस्तीपर्यंत पोहोचली, तर माहिती उपचारासाठी वापरली जाईल की बहिष्कारासाठी? जातीचा इतिहास पाहता हा प्रश्न आपण आधीच विचारला पाहिजे. रुग्णाचे नाव गुप्त राहणे आणि नमुना कशासाठी घेतला हे त्याला मराठीत समजावून सांगणे, हाही तयारीचाच भाग आहे.

आपण काय करू शकतो?

माहितीच्या अधिकारात जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी कार्यालयांना साधे प्रश्न विचारा. गेल्या तीन वर्षांत क्रमनिर्धारणासाठी किती नमुने पाठवले? कोणत्या तालुक्यांतून? किती दिवसांत अहवाल आले आणि त्यावर काय केले? एकात्मिक प्रयोगशाळेत मंजूर पदे किती, भरलेली किती? ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत आपले प्रतिनिधी जातात का, हेही पाहा. सूक्ष्मजीवशास्त्र, डीएमएलटी, संगणकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींना हे क्षेत्र दाखवा. या प्रयोगशाळांना हात हवे आहेत.

औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून येणारी सूक्ष्म थरथर टिपण्याची क्षमता या जिल्ह्याच्या मातीत येते आहे, याचा आनंदच आहे. त्याच मातीतल्या एका वस्तीत पसरणारा ताप टिपण्यासाठी त्यामानाने फारच थोडे लागते: शीतपेटी, प्रशिक्षित तंत्रज्ञ, वेळेवर निघणारी गाडी आणि परत येणारे उत्तर.

‘निदान’ हा शब्द पालीत ‘कारण’ या अर्थाने येतो. दुःखाचे कारण शोधल्याशिवाय त्याचा निरोध होत नाही, ही तथागतांची शिकवण. प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीमाईंनी प्राण दिले. तेव्हा सेवेशिवाय हाती फारसे काही नव्हते. आज कारण शोधण्याचे साधन आहे आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक आहे, असे संविधानाचे ४७ वे कलम सांगते. ते साधन हिंगोलीच्या शेवटच्या वस्तीपर्यंत पोहोचते की नाही, हे विचारण्याचे काम आपले आहे.