शिरूर व दौंड तालुक्यांतील मधुमेहींची किराणा खरेदी

मधुमेहींची किराणा खरेदी म्हणजे रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण आटोक्यात राहावे या हेतूने धान्य, डाळी, तेल, भाजीपाला व तयार खाद्यपदार्थ यांची केलेली निवड होय. ती औषधोपचाराची जागा घेत नाही; मात्र महिन्याच्या यादीत जे येते तेच ताटात पडत असल्याने आहाराचे बरेचसे नियमन दुकानातच ठरते. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर (घोडनदी) व दौंड या तालुक्यांत या निवडीवर ऊस व गुळाचा व्यवसाय, भाकरीची परंपरा आणि शिधापत्रिकेवरील धान्य यांचा ठळक प्रभाव आढळतो.

पार्श्वभूमी

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातील प्रौढांपैकी ११.४ टक्के व्यक्तींना मधुमेह आहे. शहरी भागात हे प्रमाण १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के आढळले. ग्रामीण आकडा कमी असला तरी मधुमेह हा केवळ शहरी वा स्थूल माणसांचा आजार आहे, हा समज त्यामुळे टिकत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील माता व बालकांचा अभ्यास केला. वजनाने कमी असलेल्या भारतीय नवजात बालकांच्या शरीरातही चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, असे त्यातून दिसून आले. सडपातळ दिसणाऱ्या शेतकऱ्यालाही किराण्याची यादी तपासावी लागते, ती याच कारणाने.

धान्य

दोन्ही तालुक्यांच्या जिरायती पट्ट्यात बाजरी व ज्वारीची भाकरी हे मुख्य अन्न होते. धरणे व कालव्यांच्या पाण्याने ऊस वाढला. नियमित रोख उत्पन्नासोबत गहू व तांदूळ रोजच्या जेवणात स्थिरावले. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हे धान्य प्रामुख्याने गहू व तांदूळ या स्वरूपात येते. ज्वारी-बाजरी मात्र शेतात पिकत नसेल तर विकत आणावी लागते. त्यामुळे गरीब कुटुंबातील मधुमेही व्यक्तीला दिलेला ‘भात सोडा’ हा सल्ला बहुधा कागदावरच राहतो.

भाकरीविषयीही एक गैरसमज रूढ आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम तांदळात सुमारे ७८ ग्रॅम, ज्वारीत ६८, गव्हाच्या पिठात ६४ व बाजरीत ६२ ग्रॅम कर्बोदके असतात. तंतूंचे प्रमाण तांदळात ३ ग्रॅमच्या आत, तर इतर तिन्हींत १० ते ११ ग्रॅमच्या आसपास आहे. म्हणजेच मोठा फरक पांढरा तांदूळ आणि इतर धान्ये यांत आहे. न चाळलेल्या कणकेची पोळी आणि ज्वारीची भाकरी यांत तो फारसा नाही. पन्नास ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीतून सुमारे ३४ ग्रॅम कर्बोदके पोटात जातात आणि गावाकडची भाकरी बहुधा याहून मोठी असते. ‘ज्वारी चालते’ म्हणून तीन भाकरी खाल्ल्यास धान्य बदलण्याचा लाभ उरत नाही.

तयार पिठापेक्षा धान्य आणून गिरणीतून दळून घेणे अनेकदा श्रेयस्कर ठरते. जाडसर, कोंड्यासह दळलेले पीठ बारीक पिठापेक्षा सावकाश पचते. दळणात थोडे हरभरे घातल्यास प्रथिने व तंतू वाढतात. पाकीटबंद ‘बहुधान्य’ पिठात इतर धान्ये नेमकी किती आहेत, हे मात्र लेबल पाहूनच कळते.

गूळ

पाटस येथे भीमा आणि न्हावरे येथे घोडगंगा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. दौंड तालुक्यात केडगाव परिसरासह अनेक ठिकाणी गुऱ्हाळे आहेत. घरच्या उसाचा गूळ ‘औषधी’ आणि साखर ‘विषारी’ ही समजूत येथे साहजिकच बळकट आहे. प्रत्यक्षात १०० ग्रॅम गुळात सुमारे ८५ ग्रॅम कर्बोदके असतात व ती जवळजवळ सर्व साखरेच्याच रूपात असतात. गुळात लोह व काही खनिजे असतात. पण चहात पडणाऱ्या चमचाभर गुळातून मिळणारे लोह नगण्य होय. रक्तातील ग्लुकोजच्या दृष्टीने गुळाचा चहा हा साखरेचाच चहा आहे. सेंद्रिय गूळ, काकवी व मध यांनाही हेच लागू पडते.

शासकीय शिधाही यास अपवाद नाही. २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत दिलेल्या ‘आनंदाचा शिधा’ संचात रवा, चणाडाळ, साखर व पामतेल होते. मधुमेहीच्या दृष्टीने त्यातील खरा उपयुक्त जिन्नस चणाडाळ हाच म्हणावा लागेल.

कडधान्ये व भाजीपाला

या भागाच्या परंपरेतील सर्वांत मोलाचा ठेवा कडधान्यांचा आहे. मूग, मटकी, हुलगा व हरभरा ही स्थानिक बाजारात सहज मिळतात. अख्ख्या मुगात १०० ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने व १७ ग्रॅम तंतू असतात. हुलग्याचे शेंगोळे हा हिवाळ्यातील आवडता पदार्थ. त्यात गव्हाचे किंवा ज्वारीचे पीठ किती मिसळले, यावर त्याचा परिणाम अवलंबून असतो. आठवडे बाजारातून मेथी, शेपू, चुका, गवार, दोडका, कारले यांपैकी जे स्वस्त असेल ते भरपूर घ्यावे. बटाटा मात्र भाजीत न धरता धान्याबरोबर मोजावा. कारल्याचा रस गोळ्यांना पर्याय ठरत नाही.

उपवासाचे जिन्नस

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण मधुमेहीच्या बाबतीत विनोदापुरती राहत नाही. साबुदाणा हे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. भगरीतही पिष्टाचेच प्राबल्य असते. संत तुकारामांची पालखी यवत व वरवंड येथे मुक्काम करते, रांजणगावी महागणपतीचे स्थान आहे. त्यामुळे या भागात एकादशी व चतुर्थीचे उपवास घरोघरी होतात. उपवास करायचाच असल्यास राजगिरा, शेंगदाणे, ताक व काकडी यादीत असावीत आणि त्या दिवशीच्या औषधाची मात्रा डॉक्टरांना आधी विचारावी.

पाकीटबंद पदार्थ

रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींतील कामगार आणि दौंड जंक्शनवरील रेल्वे कर्मचारी पाळ्यांत काम करतात. त्यांच्या पिशवीत बिस्किटे, फरसाण व खारी हमखास असतात. भारतात लेबलावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे. पहिले नाव मैद्याचे असेल, तर पुढच्या बाजूवरील ‘डायजेस्टिव्ह’ वा ‘शुगर फ्री’ या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही. माल्टोडेक्स्ट्रिन गोड लागत नसले तरी ग्लुकोज वेगाने वाढवते. फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे स्वस्त पडतात आणि त्यांवर वाचण्यासारखे काही छापलेले नसते.

मिठाऐवजी मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नये.

घरात ठेवावयाची साखर

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांच्या यादीतून साखर पूर्णपणे काढून टाकणे धोक्याचे ठरते. जेवण लांबल्यास किंवा शेतात अधिक श्रम झाल्यास ग्लुकोज एकाएकी उतरून घाम, थरथर व भ्रम होऊ शकतो. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या व्यक्तीस सुमारे १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून देतात व १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करतात. चॉकलेट किंवा पेढा यासाठी योग्य नाही, कारण स्निग्धांशामुळे त्यातील साखर उशिरा शोषली जाते. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही न घालता तिला तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते. ग्लुकोजचा पुडा घरात एक, शेतावर किंवा कामावर नेण्याच्या पिशवीत एक असा ठेवला जातो.