स्त्रीची प्रजननक्षमता : आहार आणि जीवनशैलीचा वाटा

विवाहाला दोन-तीन वर्षे लोटली आणि घरात पाळणा हलला नाही, की सल्ल्यांचा ओघ सुरू होतो. कोणी पपई वर्ज्य करावयास सांगते, कोणी दुधातून शतावरी घ्यावयास सुचविते, कोणी नोकरीतून रजा घेऊन विश्रांतीचा आग्रह धरते, तर कोणी उपवासांची यादीच हाती ठेवते. हे सल्ले बहुधा सुनेलाच दिले जातात. मुलाच्या खाण्यापिण्याविषयी सहसा कोणी अवाक्षर काढीत नाही. वास्तविक ही समस्या विरळा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे साडेसतरा टक्के प्रौढांना, म्हणजे साधारणतः दर सहा व्यक्तींमागे एकीला, आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाला सामोरे जावे लागते.

आहार आणि राहणीमान यांचा स्त्रीच्या प्रजननक्षमतेशी संबंध आहे, हे आता निःसंशय सिद्ध झालेले आहे. मात्र तो संबंध नेमका कोठे आहे आणि कोठे नाही, हे समजून घेतले नाही तर दोन प्रकारे नुकसान होते. एक तर साध्या उपायांनी सुटू शकणाऱ्या अडचणीसाठी लाखो रुपयांचे उपचार आरंभिले जातात; किंवा याच्या उलट, वैद्यकीय उपचारांची निकड असताना पथ्यपाण्यात मोलाची वर्षे निघून जातात.

उपासमार आणि पाळणा

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन सैन्याने नेदरलँड्सच्या पश्चिम भागाचा अन्नपुरवठा रोखून धरला. शहरांतील नागरिकांना दिवसाला हजार उष्मांकांहूनही कमी अन्नावर गुजराण करावी लागली. असंख्य स्त्रियांची मासिक पाळी बंद पडली आणि नऊ महिन्यांनंतर त्या शहरांतील जन्मांची संख्या झपाट्याने खाली आली. अन्न मिळू लागताच काही महिन्यांत ती पुन्हा वर आली. दुर्दैवाने घडून आलेला हा प्रयोगच म्हणावा लागेल.

गर्भधारणा व स्तन्यपान यांसाठी स्त्रीच्या शरीराला मोठ्या प्रमाणावर ऊर्जा लागते. ती शिलकीत नसेल, तर मेंदूच शरीराला थांबण्याचा आदेश देतो. अमेरिकेतील शास्त्रज्ञ रोझ फ्रिश यांनी १९७४ साली असा सिद्धान्त मांडला, की नियमित पाळीसाठी स्त्रीच्या शरीरात सुमारे २२ टक्के मेद असणे आवश्यक असते. या नेमक्या आकड्याविषयी पुढे पुष्कळ मतभेद झाले. परंतु मूळ विचार टिकून राहिला. १९९४ साली लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला. शरीरातील मेदपेशी या संप्रेरकाद्वारे मेंदूला साठ्याची वर्दी देत असतात. वर्दी क्षीण झाली, की बीजांडकोशाला मिळणारे संकेतही मंदावतात आणि स्त्रीबीज परिपक्व होऊन बाहेर पडण्याची क्रिया थांबते.

हा इतिहास आजही कालबाह्य ठरलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातील १५ ते ४९ वयोगटातील जवळजवळ १९ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश आढळल्या. गरिबीमुळे अर्धपोटी राहणारी मजूर स्त्री आणि सडपातळ दिसण्याच्या हव्यासाने दुपारचे जेवण टाळणारी शहरी तरुणी यांची परिस्थिती सर्वस्वी भिन्न; परंतु शरीर कारण विचारीत नाही, ते केवळ शिल्लक पाहते.

दुसरे टोक

त्याच सर्वेक्षणात २४ टक्के स्त्रिया स्थूल किंवा अतिवजनाच्या आढळल्या. अतिरिक्त मेदामुळेही स्त्रीबीजाच्या चक्रात बिघाड होतो. मात्र त्याचा मार्ग निराळा आहे. पोटाभोवती मेद साचला, की शरीर इन्शुलिनला दाद देईनासे होते आणि स्वादुपिंडाला ते अधिकाधिक प्रमाणात निर्माण करावे लागते. रक्तातील हे वाढीव इन्शुलिन बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरके अधिक तयार करावयास लावते. परिणामी बीजकोषांची वाढ मध्येच खुंटते, पाळी लांबते, चेहऱ्यावर लव व मुरुमे दिसू लागतात. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थाल या डॉक्टरांनी १९३५ साली वर्णन केलेली ही लक्षणे आज ‘पीसीओएस’ या नावाने घरोघरी परिचित झाली आहेत. जागतिक अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील दर शंभर स्त्रियांपैकी दहा ते तेरा जणींना हा विकार असतो.

‘मी तर बारीक आहे, मला कसा होईल?’ असे अनेकींना वाटते. येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाचे स्मरण व्हावे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी स्वतःची व इंग्लंडमधील आपल्या एका सहकाऱ्याची तुलना प्रसिद्ध केली होती. उंचीच्या प्रमाणात दोघांचेही वजन अगदी सारखे, म्हणजे बॉडी मास इंडेक्स २२.३, परंतु सहकाऱ्याच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! भारतीय शरीर वरून सडपातळ दिसले तरी आतून मेदयुक्त असू शकते. म्हणूनच भारतीय स्त्रीने वजनकाट्यासोबत मोजपट्टीकडेही पाहावे. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर जाणे ही पहिली सूचना होय.

यातील समाधानाची गोष्ट अशी, की फार मोठे यश मिळवावे लागत नाही. वजन अधिक असलेल्या पीसीओएसग्रस्त स्त्रीने मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के वजन कमी केले, तरी अनेकदा पाळी पूर्ववत होते. ७० किलो वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत हे केवळ साडेतीन ते सात किलो झाले. दिवसभर काउंटरवर किंवा संगणकापुढे बसून काम करणाऱ्या भगिनींना हे उद्दिष्ट सहा-आठ महिन्यांत गाठणे अशक्य नाही.

परिचारिकांचा दीर्घ अभ्यास

काय खावे, या प्रश्नावरील सर्वांत मोठी माहिती अमेरिकेतील परिचारिकांकडून मिळाली. १९८९ साली सुरू झालेल्या एका अभ्यासात एक लाखाहून अधिक परिचारिकांनी आपले खाणे, वजन, व्यायाम आणि आजार यांची माहिती वर्षानुवर्षे नियमितपणे कळविली. त्यांपैकी गर्भधारणेसाठी प्रयत्नशील असलेल्या साडेसतरा हजारांहून अधिक स्त्रियांच्या माहितीचे विश्लेषण हार्वर्ड विद्यापीठातील होर्हे चवारो, वॉल्टर विलेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केले. आहार, वजन आणि व्यायाम यांतील पाच किंवा अधिक चांगल्या सवयी असलेल्या स्त्रियांमध्ये स्त्रीबीज तयार न झाल्यामुळे येणाऱ्या वंध्यत्वाचा धोका ६९ टक्क्यांनी कमी आढळला.

सर्वांत ठळक दोषी ठरला तो ट्रान्स मेद. एकूण उष्मांकांपैकी केवळ दोन टक्के, म्हणजे दिवसाला सुमारे चार ग्रॅम, ट्रान्स मेद पिष्टमय पदार्थांच्या जागी आहारात आला, तर हा धोका ७३ टक्क्यांनी वाढलेला दिसला. आपल्याकडे हा मेद आला तो मुख्यतः वनस्पती तुपातून. खारी, नानकटाई, बेकरीतील केक आणि मिठाईच्या दुकानातील तळण यांतून. भारताच्या अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील ट्रान्स मेदावर दोन टक्क्यांची मर्यादा घातली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तरीही पुडक्यावरील बारीक अक्षरांतील माहिती वाचण्याची सवय असलेली बरी.

प्रथिनांपैकी काही भाग मांसाऐवजी कडधान्ये व डाळी यांतून घेणाऱ्या स्त्रियांना अधिक लाभ झाला. मटकीची उसळ, राजमा, सांबार, चणे ही आपली नित्याची पानातील मंडळी. शास्त्राने त्यांच्यावर शिक्कामोर्तब केले एवढेच. साखर, मैदा, गोड पेये यांसारखे रक्तातील साखर झपाट्याने वाढविणारे पदार्थ मात्र हानिकारक दिसले. या दृष्टीने आपल्या उपवासाचाही विचार व्हावा. साबुदाणा, बटाटा आणि साखर यांचे ताट धार्मिकदृष्ट्या चालत असेल, परंतु पीसीओएस असलेल्या स्त्रीला ते जड पडते. तिने वरी, राजगिरा, दाणे, दूध, फळे यांवर भर देणे श्रेयस्कर. साय न काढलेले दूध साय काढलेल्या दुधापेक्षा चांगले, असाही एक निष्कर्ष या अभ्यासातून निघाला आणि त्याची प्रसिद्धीही बरीच झाली. तथापि पुढील अभ्यासांतून त्याला तसा पाठिंबा मिळाला नाही. तेव्हा केवळ त्यासाठी दूधवाल्याला निरोप धाडण्याचे कारण नाही.

लोह, फॉलिक आम्ल आणि मुंबईतील एक प्रयोग

भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. परिचारिकांच्या अभ्यासात लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्त्रीबीजाच्या तक्रारी कमी आढळल्या. पालेभाज्या, अळीव, तीळ, नाचणी व डाळी यांतील लोह शरीरात शोषले जाण्यासाठी त्यांच्यासोबत लिंबू, आवळा किंवा पेरू असावा. जेवणानंतर लगेच घेतलेला चहा हेच लोह वाया घालवितो. तो तासाभराने घ्यावा.

फॉलिक आम्लाचे महत्त्व त्याहून अधिक. गर्भाच्या मेंदूची व मज्जारज्जूची नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांतच मिटते. तोपर्यंत अनेक स्त्रियांना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. म्हणून मूल हवे असे ठरताच, गर्भधारणेच्या आधीपासूनच, दररोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावी लागते. पहिल्या तपासणीची वाट पाहिल्यास उशीर झालेला असतो.

गर्भधारणेपूर्वीच्या आहाराचे मोल दाखविणारा एक प्रयोग मुंबईतील गरीब वस्त्यांत २००६ पासून करण्यात आला. साडेसहा हजार स्त्रियांचे दोन गट पाडून एका गटाला गर्भधारणेपूर्वीपासूनच पालेभाज्या, फळे व दूध यांचा छोटा नाश्ता, तर दुसऱ्या गटाला ही पोषकद्रव्ये कमी असलेला नाश्ता देण्यात आला. अर्भकांच्या सरासरी वजनात अपेक्षेइतका फरक पडला नाही. पण गर्भावस्थेतील मधुमेहाचे प्रमाण दुसऱ्या गटात १२.४ टक्के होते, तर पहिल्या गटात ते ७.३ टक्केच राहिले. साध्या भाजीच्या नाश्त्याने साधलेला हा लाभ कमी लेखण्याजोगा नाही.

मिश्री, जागरण आणि व्यायाम

धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची रजोनिवृत्ती एक ते चार वर्षे अलीकडे येते, म्हणजेच बीजांडकोशातील साठा लवकर संपतो. भारतीय स्त्रिया सिगारेट क्वचितच ओढतात, म्हणून निर्धास्त राहण्याचे कारण नाही. २०१६-१७ च्या पाहणीनुसार देशातील १२.८ टक्के स्त्रिया धूररहित तंबाखूचे सेवन करीत होत्या. महाराष्ट्रात दात घासण्याच्या निमित्ताने लावली जाणारी मिश्री ही तंबाखूच आहे, हे ती लावणाऱ्या कित्येकींच्या गावीही नसते. मुंबईतील १२१७ गर्भवतींच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा तंबाखू वापरणाऱ्या मातांची बालके सरासरी १०५ ग्रॅमनी कमी वजनाची आढळली.

आठवड्यातून एक तास अधिक, घाम येईल असा जोरकस व्यायाम केल्यास स्त्रीबीजाच्या तक्रारींचा धोका सात टक्क्यांनी कमी होतो, असे परिचारिकांच्याच अभ्यासात दिसले. मुळात कृश असलेल्या स्त्रीने मात्र व्यायामाआधी आहार वाढवावा. रात्रपाळी आणि अनियमित झोप यांचा पाळीच्या अनियमिततेशी संबंध आढळतो. जिला रात्रपाळी टाळता येत नाही, तिने निदान झोपेच्या वेळा ठरावीक ठेवाव्यात.

जेथे आहाराची मात्रा चालत नाही

परिचारिकांवरील सारे निष्कर्ष केवळ स्त्रीबीज तयार न होण्याशी निगडित आहेत, आणि हे वंध्यत्वाचे एकमेव कारण नव्हे. गर्भनलिका बंद असतील, तर कोणत्याही उसळीने त्या मोकळ्या होत नाहीत. भारतात याचे एक महत्त्वाचे कारण प्रजननमार्गाचा क्षयरोग हे आहे आणि त्यावर औषधोपचारच करावा लागतो. स्त्रीचे वय हा तर सर्वांत प्रभावी घटक. पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या व गुणवत्ता वेगाने घटते आणि ते चक्र उलटे फिरविणारा आहार अस्तित्वात नाही.

याच कारणास्तव वजन घटविण्यासाठी उपचार लांबणीवर टाकावेत काय, याचा विचार तारतम्याने करावा लागतो. नेदरलँड्समध्ये ५७७ स्थूल स्त्रियांवर केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिने आधी वजन कमी करण्याचा कार्यक्रम दिलेल्या गटात उपचारांशिवाय गर्भधारणा अधिक झाल्या. परंतु नैसर्गिक प्रसूतीने, पूर्ण दिवसांनी, एकच निरोगी बालक जन्मण्याचे प्रमाण दोन वर्षांअखेर लगेच उपचार मिळालेल्या गटापेक्षा अधिक नव्हते. पंचविशीतील स्त्रीला आधी सहा महिने वजनासाठी देणे योग्य; अडतिसाव्या वर्षी तेच सहा महिने महाग पडू शकतात.

‘फार टेन्शन घेतेस, म्हणून राहत नाही,’ हा आणखी एक सर्वत्र ऐकू येणारा शेरा. २०११ साली चौदा अभ्यासांतील ३५८३ स्त्रियांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा उपचारापूर्वीच्या मानसिक ताणाचा कृत्रिम गर्भधारणेच्या यशापयशाशी संबंध आढळला नाही. ताण हलका व्हावा तो त्या स्त्रीच्या स्वास्थ्यासाठी. अपयशाचे खापर तिच्या चिंतेवर फोडण्यास आधार नाही.

एक वर्ष प्रयत्न करूनही गर्भधारणा झाली नाही, तर तज्ज्ञांकडे जावे. वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांनीच, आणि पाळी फारच अनियमित असेल तर त्याहूनही आधी. जाताना पती-पत्नी दोघांनीही जावे. सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषातील दोष पूर्णतः किंवा अंशतः कारणीभूत असतो. त्याची प्राथमिक तपासणी म्हणजे वीर्याची साधी चाचणी. ती तुलनेने स्वस्त असते आणि तिच्यात कोणतीही शस्त्रक्रिया नसते. तरीही अनेक घरांत पत्नीच्या साऱ्या चाचण्या आटोपल्यावर, सर्वांत शेवटी तिची वेळ येते.