शोध, सुटका आणि सुटे भाग

हेलिकॉप्टरच्या शेपटीवर एक लहान पंखा उभा फिरत असतो. डोक्यावरचा मोठा पंखा एका दिशेला फिरला, की न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार हेलिकॉप्टरचे धड उलट दिशेला फिरू पाहते. त्याला आवरून धरण्याचे काम हा लहान पंखा करतो. तो निकामी झाला तर सारे यंत्रच गरगरू लागते.

या पंख्याची पाती ज्या मधल्या भागात बसवलेली असतात, त्या हबवर प्रत्येक फेरीत ताण कमीजास्त होतो. मिनिटाला १००० फेऱ्या धरल्या तरी तासाभरात ६० हजार वेळा! एवढ्या हेलकाव्यांनी धातू थकतो. वर्गात हे सहज दाखवता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याला सारख्याच तारेचा तुकडा द्यावा आणि किती वेळा वाकवल्यावर तो तुटतो ते मोजायला सांगावे. आकडे सारखे येणार नाहीत, आणि खरी अडचण नेमकी हीच आहे. कोणता भाग केव्हा तुटेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून सर्वांत कमी आकड्याच्याही बरीच आधी मुदत ठरवावी लागते. ती भरली की धडधाकट दिसणारा भागही काढून टाकतात. वरवर पाहता ही उधळपट्टी वाटते; पण वाऱ्यात समुद्रावर एका जागी तरंगत, दोराने माणूस वर घेणाऱ्या यंत्राला दुसरा उपाय नाही. त्यात खारी हवा धातू गंजवते, ते वेगळेच.

कॅनडाच्या हवाई दलाला याचा चांगलाच अनुभव आला. शोध व बचावासाठी त्यांनी १५ ‘कॉर्मोरंट’ हेलिकॉप्टरे घेतली. शेपटीच्या पंख्याच्या हबमध्ये तडे आढळल्याने २००४ च्या सुमारास उड्डाणांवर बंधने आली, सरावाचे तास कमी झाले. सुटे भाग वेळेवर मिळेनात. मग एका हेलिकॉप्टरचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा, म्हणजे एकाच भागासाठी दुप्पट मेहनत! २००५ मध्ये ट्रेंटनच्या तळावरून कॉर्मोरंट काढून तेथे लहान ‘ग्रिफन’ ठेवावी लागली. २००६ मध्ये एक कॉर्मोरंट अपघातात गेले आणि १४ उरली.

एवढ्या थोड्या यंत्रांसाठी कारखाने सुटे भाग तयार करून ठेवत नाहीत. मागणी नोंदवा आणि थांबा! गावातल्या लेथवर तसाच भाग बनवून घेऊ, असेही म्हणता येत नाही. धातूची भट्टी, घडाई, तपासणी या सगळ्यांची लेखी नोंद असल्याशिवाय तो भाग हेलिकॉप्टरला लावता येत नाही.

अखेर कॅनडाला एक चमत्कारिक मार्ग सापडला. अमेरिकेच्या अध्यक्षांसाठी याच जातीची हेलिकॉप्टरे बनत होती. खर्च फार वाढल्याने ती योजना २००९ मध्ये रद्द झाली. त्यातली नऊ हेलिकॉप्टरे आणि सुट्या भागांचा साठा कॅनडाने २०११ मध्ये सुमारे १६ कोटी ४० लाख डॉलरना घेतला. उडवण्यासाठी नव्हे, तर सुट्या भागांसाठी!

आपल्याकडे मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळात मुंबईजवळच्या समुद्रातून माणसे वाचवण्याच्या कामात नौदलाची ‘सी किंग’ हेलिकॉप्टरे होती. ती बांधली ब्रिटनने, पण मूळ आराखडा अमेरिकन कंपनीचा. त्यामुळे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले तेव्हा सी किंगचे सुटे भाग अडकले आणि अनेक हेलिकॉप्टरे जमिनीवरच उभी राहिली.